व्हेंटेड ड्रायर: एक अख्खा पावसाळा काढल्यावर

रत्नागिरीत जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, नुसते दमट राहतात आणि घडी करून ठेवले की कपाटभर कुबट वास. म्हणून मे महिन्यात ७ किलोचा व्हेंटेड ड्रायर घेतला, आता दिवाळी होऊन गेली म्हणजे लिहायला हरकत नाही. वॉशिंग मशीनचं 'ड्राय' बटण म्हणजे नुसतं पिळणं हो, इथे गरम हवा फिरते आणि दमट हवा पाइपने खिडकीबाहेर जाते. पाइप बाहेर काढायची सोय नसेल तर हा प्रकार घेऊच नका, सगळी वाफ घरातच राहणार.

टॉवेल मात्र एकदम फुलून येतात, त्याला तोड नाही. पण टॉवेलबरोबर पातळ शर्ट टाकू नका, शर्ट पापडासारखे कडक होतात तरी टॉवेलच्या काठाला ओल असतेच. ड्रमच्या आत धातूच्या दोन पट्ट्या आहेत, ओले कपडे त्यांना लागले की सेन्सरला ओल कळते, त्यामुळे लोड एकसारख्या जाडीचा असेल तरच ऑटो प्रोग्राम बरोबर थांबतो. फॅब्रिक सॉफ्टनरचा थर त्या पट्ट्यांवर बसतो, तो अधूनमधून ओल्या फडक्याने पुसायचा.

कॉटनचे कुर्ते, टी-शर्ट मी 'आयर्न ड्राय'वरच काढते, किंचित ओलसर असताना, आणि लगेच हँगरला. पार कोरडे होईस्तोवर फिरवले की जास्त आटतात. पॉलिस्टर कमी हीटवर, ड्रम अर्धाच भरून. लेगिंग्ज आणि इलास्टिकचं काहीही दोरीवरच बरं, उष्णतेने इलास्टिक मरतं. लोकरीचा स्वेटर आत टाकायचाच नाही, लोकरीच्या धाग्यांना खवले असतात, ते घुसळून एकमेकांत अडकतात आणि स्वेटर बाळाच्या मापाचा होतो. सिल्क नि जरीचं तर विचारूच नका. लेबलवर चौकोनात गोल असतो, आत एक टिंब म्हणजे कमी हीट, दोन म्हणजे नॉर्मल, फुली असेल तर विषय संपला.

आणि हे कोणी सांगत नाही, बाळाच्या मालिशची तेलकट दुपटी ड्रायरमध्ये नकोत. सासूबाई तीळतेल वापरतात, ते धुतल्यावरही कापडात थोडं राहतं, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तापत जातं आणि गरम कपड्यांचा गठ्ठा तसाच पडून राहिला तर पेटूसुद्धा शकतो. शेवटची काही मिनिटं गार हवा फिरते ती याचसाठी, मधेच बंद करून कपडे काढून ढीग करू नका. कपड्यांचे सुटे तंतू अडवणाऱ्या जाळीवरचा कापसासारखा थर पण दर लोडनंतर काढायचाच, तोही पटकन पेटतो.

वीज खातो. २००० वॉट म्हणजे तासाला २ युनिट, १६ अँपियरचं सॉकेट लागतं, एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात लावू नका. बजेट असेल तर सरळ हीट पंपवाला ड्रायर घ्या, म्हणजे तीच हवा बाहेर न सोडता आतल्या आत पुन्हा तापवून वापरणारा, वेळ जास्त घेतो पण वीज निम्म्याच्या आसपास, हवा कमी गरम म्हणून कपड्यांनाही बरं, आणि पाइपची कटकट नाही.