कोथरूडमधला ड्रम्सचा क्लास: सर स्टेजवरचे आहेत, हे धरून चला

ढोल-ताशा पथकात वाजवून माझे हात तयार होते, पायांची बोंब होती. ड्रम सेटवर उजवा पाय बेस ड्रमवर, डावा हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी), आणि हातांचं काम वेगळंच. इथे सुरुवातीला सेटला हातच लावू देत नाहीत. प्रॅक्टिस पॅड, ५ए मापाची स्टिक, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर आणि पॅराडिडल हा हातांचा सराव: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. वैताग येतो. सरांना त्याचं काही नाही.

सर ऑर्केस्ट्रात वाजवतात, लग्नाच्या संगीतात वाजवतात, एका फ्यूजन बँडमध्येही आहेत. शिकवण्यात ते पदोपदी दिसतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते कीबोर्ड, बेस आणि गाणं शिकणारी पोरं बोलावून सगळ्यांना एकत्र वाजवायला लावतात. परवा एका कॉलेजच्या पोराने अंतरा संपताना सगळ्या टॉम-ड्रमवरून लांबलचक रोल फिरवला. टाळ्या पडल्या. सरांनी गाणं थांबवलं आणि त्याला सोडून गाणाऱ्या मुलीला विचारलं, "मुखडा कुठून उचलायचा, कळलं का तुला?" ती नाही म्हणाली. "मग हा रोल कुणासाठी होता?" पुढच्या वेळी त्याने स्नेअर ड्रमवर दोन ठोके आणि क्रॅश झांजेवर एक एवढंच दिलं. मुलगी बरोबर समेवर आली.

याच मुद्द्यासाठी त्यांनी आम्हाला ठुमरी गायिका शोभा गुर्टूंचा मुलगा, तालवादक त्रिलोक गुर्टू ऐकवला. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबरचं, १९८९ चं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधलं रेकॉर्डिंग. तिघेच वादक, तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही.

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या रॉक अँड पॉप परीक्षाही करून घेतात. तीन गाणी आणि सेशन स्किल्स, म्हणजे आयत्या वेळी दिलेलं वाजवून दाखवणं. पण त्यांचा जीव त्यात नाही. म्हणतात, "रेकॉर्ड केलेला बॅकिंग ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही. गायक मात्र श्वास घेतो, त्याच्याकडे बघा." सर्टिफिकेटच हवं असेल तर दुसरीकडे जा, तिथे जास्त रेटून तयारी होते.

आता तक्रार. सीझनला सर हाती लागत नाहीत. गणपतीत कार्यक्रम, नवरात्रात गरबा, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. क्लास रद्द झाल्याचा मेसेज रात्री अकराला येतो. बुडालेला तास भरून देतात, पण रविवारी सकाळी साडेसातला, तोही आदल्या रात्रीचा शो करून लाल डोळ्यांनी. खोली बेसमेंटमध्ये आहे, आवाज बाहेर जात नाही आणि हवाही आत येत नाही. सेट जुना, हाय-हॅटचा पेडल करकरतो. फी मात्र वाजवी.

लहान मुलांना घालायचं असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत घाला, तेव्हा तास नियमित होतात. घरी सेट घ्यायची घाई करू नका. पॅड आणि स्टिकच्या एका जोडीवर बराच काळ निभतं, शेजाऱ्यांशी बोलणंही टिकून राहतं.