साइट की अ‍ॅप? कोकणात राहून स्थळ शोधणाऱ्यांसाठी

आधीच सांगून टाकते. तुम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहताय, पुढेही इथेच राहायचं पक्कं आहे आणि लग्नासाठीच बघताय, तर पैसे मॅट्रिमोनी साइटवर घाला आणि डेटिंग अ‍ॅप फुकटातलं ठेवा. मुंबई-पुण्यात नोकरीला असाल तर मी बरोबर उलटं सांगेन. मी दोन्ही वापरलंय, अ‍ॅप स्वतःसाठी आणि साइट दादासाठी, दादाची पावस गावाच्या बाजूला हापूसची कलमं आहेत आणि तो गाव सोडणार नाही हे घरात सगळ्यांना माहितीये, त्यामुळे त्याचं प्रोफाइल मीच भरलंय आणि आलेले फोनही बरेचसे मीच घेतलेत.

अ‍ॅपचा इथला सगळ्यात मोठा प्रॉब्लेम म्हणजे अंतर. टिंडर या डेटिंग अ‍ॅपवर जास्तीत जास्त 160 किमीपर्यंतची माणसं बघता येतात, आता रत्नागिरीत बसून एवढं वर्तुळ काढा, पश्चिमेचा अर्धा भाग सरळ अरबी समुद्रात जातो. उरलेल्या अर्ध्यात घाटावरचं कोल्हापूर, सांगली, सातारा येतं, पण मुंबई आणि पुणे बाहेर राहतं. आणि आपल्या वाडीतली लग्नाच्या वयाची माणसं आहेत कुठे? विरार, नालासोपारा, डोंबिवली, ठाणे. म्हणजे ज्याचं मूळ गाव तुमच्यापासून दोन वाड्या सोडून आहे तोच तुम्हाला दिसत नाही. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आले की अ‍ॅप एकदम भरतं, त्या दिवसांत जरूर बघा, कारण मॅच झालेलं (म्हणजे दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं) माणूस परत मुंबईला गेलं तरी चॅट राहतो. बाकी वर्षभर तीच ती तोंडं. पासपोर्ट नावाची सोय आहे, पैसे भरून लोकेशन मुंबईला नेता येतं, पण मग समोरचा पहिलं विचारतो की भेटायचं कधी आणि आपण तर रत्नागिरीत. मालवण-वेंगुर्ल्याकडे वेगळीच गंमत, तिकडे गोवा वर्तुळात येतो, त्यामुळे प्रोफाइल ढीगभर पण निम्मी फिरायला आलेल्यांची, चार दिवसांत गायब.

दुसरं म्हणजे ओळख. गाव लहान, शाळेतले सर, ऑफिसातला शिपाई, मावशीचा दीर, सगळे त्याच अ‍ॅपवर. मुलाचा फोटो दिसला तर हसून सोडतात, मुलीचा दिसला की स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत. मला याचा खरंच राग येतो. टिंडरमध्ये आपले फोन कॉन्टॅक्ट ब्लॉक करायची सोय आहे, मुलींनो प्रोफाइल चालू करायच्या आधी ते करा.

पण अ‍ॅपचं जे चांगलं ते चांगलंच. हिंज या अ‍ॅपवर नुसता फोटो नाही, तीन प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतात आणि समोरच्याला त्यातलं एखादं धरून बोलता येतं, त्यामुळे बोलणं नीट सुरू होतं. बंबल या अ‍ॅपवर पुरुष-स्त्री मॅच झाला की सुरुवात मुलीच्या हातात, 24 तासांत तिने काही केलं नाही तर मॅच जातो, हल्ली ती आधीच एखादा प्रश्न लावून ठेवू शकते. इथे मुलगी स्वतः बोलते. साइटवर मात्र मी एवढ्या फोनवर बोलले, त्यात मुलीचा स्वतःचा आवाज फार कमी वेळा ऐकला, बहुतेक वेळा काका किंवा मामा. ते बोलतात आपुलकीने, गाव कुठलं, घराणं कुठलं, देवक काय, पण मुलीला काय हवंय ते त्यांनाही नक्की माहीत नसतं. म्हणून साइटवर प्रोफाइल कोणी बनवलंय ते आधी बघा, स्वतः की पालक. पालकांचं असेल तर दुसऱ्या फोनलाच अगदी आदराने म्हणा, काका, एकदा दोघांना बोलू द्या. चांगली माणसं नाही म्हणत नाहीत.

आता साइट कुठली. शादी डॉट कॉम, जीवनसाथी आणि भारत मॅट्रिमोनीचं मराठी मॅट्रिमोनी, या तीनवर कोकणातली स्थळं मिळतात. जीवनसाथी ही नोकरी डॉट कॉमवाल्या इन्फो एजची, त्याच कंपनीने 2022 मध्ये आइल या डेटिंग अ‍ॅपचा मोठा हिस्सा घेतला. थोडक्यात कंपन्यांना आपण कुठल्याही दारातून आलो तरी चालतं, कुठे जायचं ते आपणच ठरवायचं. मला मराठी मॅट्रिमोनीवर आपल्याकडची प्रोफाइलं जास्त दिसली. पोटजात, गोत्र, मंगळ, नक्षत्र सगळं फिल्टरमध्ये असतं. 36 पैकी 18 गुण जुळले तर पुढे जायचं हा हिशोब बहुतेक घरांत आहेच, आणि पत्रिका जुळल्यावरही काही घरं ग्रामदेवतेला कौल लावतात, तो फिल्टर कुठल्याच साइटवर नाही. दादाची चांगली चालू असलेली बोलणी एकनाड आली (पत्रिकेत दोघांची नाडी एकच निघाली) म्हणून तुटली आणि मला त्याचं फार वाईट वाटलं, दोघांचं फोनवर छान जमलं होतं. जातीची अट नाही असं टिक करणार असाल तर घरात आधी बोलून घ्या, नाहीतर समोरच्या मुलीला उगाच आशेला लावल्यासारखं होतं.

गावात राहणाऱ्या मुलाचं खरं नुकसान होतं ते उत्पन्नाच्या रकान्यात. नोकरीवाल्याचं वार्षिक पॅकेज एका ओळीत बसतं. हापूसचा पैसा येतो मार्च ते मे, त्याआधी फवारणी, राखण, मजुरी, आणि मोहराच्या वेळी अवेळी पाऊस पडला की वर्षाचं गणितच बदलतं. हे त्या रकान्यात कसं भरणार? कमी आकडा भरला की फिल्टरमध्येच उडतो, मुलीपर्यंत पोहोचतच नाही. आम्ही शेवटी गेल्या काही हंगामांची सरासरी टाकली आणि खाली माहितीत सगळं सविस्तर लिहिलं, कलमं किती, कर्ज आहे का, घर कोणाच्या नावावर, तालुक्याचं ठिकाण किती लांब, मोबाइलला रेंज येते का. त्यानंतर जे फोन आले ते कमी होते पण कामाचे होते.

गावात यायला मुली तयारच नसतात असं जे सगळीकडे म्हणतात ते मला पटत नाही. मी त्या मुलींशी बोललेय. त्यांचे प्रश्न साधे असतात, मला नोकरी करता येईल का, बी.एड. झालंय तर जवळ शाळा आहे का, रात्री दुखलंखुपलं तर डॉक्टर किती लांब, स्कूटर चालवू देणार का, घरात सगळ्यांचं जेवण एकटीनेच करायचं का. याची उत्तरं प्रोफाइलमध्ये असली तर अर्ध्या मुली तरी पुढचं बोलायला तयार होतात. पण आपली पोरं लिहितात काय, तर फॅमिली ओरिएंटेड आणि सिंपल. मुलांनो, दहा ओळी जास्त लिहा, आणि आईला नको, बहिणीला वाचायला द्या.

पैशाचं. साइटवर फुकटात बघता येतं आणि इंटरेस्ट (आवडल्याचा निरोप) पाठवता येतो, फोन नंबरसाठी प्लॅन घ्यावा लागतो आणि नंबर किती बघता येतील ते मोजून ठरलेलं असतं. आम्ही घेतलेल्या साइटवर (नाव नको) त्यातले बरेच नंबर बंद होते किंवा लग्न केव्हाच झालेलं, तरी नंबर बघितला म्हणून तो मोजला गेला. त्यामुळे शेवटचं लॉगिन बघितल्याशिवाय नंबर उघडू नका. सारखे फोन करून महागडा प्लॅन गळ्यात मारतात तेव्हा ठाम नाही म्हणा, आणि साइटच्या मोबाइल अ‍ॅपमधून घेतला असेल तर प्ले स्टोअरमध्ये जाऊन ऑटो रिन्यू बंद करा.

निळी टिक बघून भुलू नका, दोन्हीकडे. त्याचा अर्थ फोटो किंवा ओळखपत्र तपासलं एवढाच, नोकरी खरी आहे का, आधी लग्न झालंय का हे त्यात येत नाही. 2016 साली केंद्र सरकारने मॅट्रिमोनी साइटसाठी ओळखपत्र घेण्याच्या सूचना काढल्या, तरीही चौकशी आपल्यालाच करावी लागते. परदेशातला डॉक्टर, गिफ्ट पाठवलंय, कस्टममध्ये अडकलंय, पैसे भर, असं कोणी म्हणालं की तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त, लाजून घरात बसू नका.

प्लॅन कधी घ्यायचा हेही सांगते, कारण हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आंब्याच्या दिवसांत घेऊ नका, पेट्या भरताना फोन घ्यायला कोणाला वेळ नसतो. तीन महिन्यांचा घ्या आणि जुलैत चालू करा, म्हणजे गणपती त्यात येतात. मुंबईची मंडळी तेव्हा स्वतःच गावी आलेली असतात, मुलीला घर, रस्ता, विहीर, सासूबाई सगळं डोळ्यांनी बघता येतं, आणि जमलंच तर तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त असतातच. दादाचा प्लॅन आम्ही या वेळी तसाच घेतलाय.