‘स्कोअर १६’ म्हणजे नेमका किती? आयसीयूत बेडसोरसाठी कोणता तक्ता घ्यावा

रात्री पावणेबाराला एका तालुक्याच्या गावातून पेशंट आला. न्यूमोनिया, त्यात शुगर. रेफरल चिठ्ठीवर बीपी, ऑक्सिजन, दिलेली इंजेक्शनं, सगळं नीट लिहिलेलं. खाली कोपऱ्यात एवढंच: ‘बेडसोर स्कोअर १६’. बेडसोर म्हणजे पडून राहून, दाबाने होणाऱ्या जखमा. त्यांचा धोका मोजायचे तक्ते अनेक, आणि हा आकडा कुठल्या तक्त्याचा, ते नाही. आमच्या नव्या सिस्टरने ब्रेडन धरला. ब्रेडनचा १६ म्हणजे सौम्य धोका, तेव्हा आधी बाकीची कामं. तासाभराने कुशीवर घेतलं, तर माकडहाडाच्या वर तळहाताएवढा जांभळट डाग. फोन लावून विचारलं तेव्हा कळलं, तो १६ वॉटरलोचा होता. वॉटरलोत १५ झाले की जास्त धोका.

ब्रेडनमध्ये आकडा कमी तेवढा धोका जास्त, वॉटरलोत आकडा वाढला की धोका वाढतो. त्यामुळे तक्ता कुठलाही घ्या, आकड्यापुढे त्याचं नाव लिहाच.

निपाणी, चिक्कोडी, गोकाक, खानापूर, इकडं बेळगाव जिल्ह्यात आता सहा-आठ खाटांचे आयसीयू झालेत. तिथल्या इनचार्ज सिस्टर विचारतात, ‘अक्का, फॉर्मवर कुठला तक्ता छापू?’ हे लिहिणं मुख्यतः त्यांच्यासाठी.

नॉर्टनचा तक्ता १९६२ चा, इंग्लंडमधल्या म्हाताऱ्या पेशंटांसाठी केलेला. पाच प्रश्न, जास्तीत जास्त २०, आणि १४ किंवा कमी आले की धोका. जनरल वॉर्डात चालेल. आयसीयूसाठी मी त्याचा विचार करणार नाही.

वॉटरलो १९८५ चा, तोही ब्रिटिश. १० ला धोका, १५ ला जास्त, २० ला फार जास्त. त्यात बऱ्याच गोष्टी येतात: वय, बाई की पुरुष, कातडीची अवस्था, ऑपरेशनला किती तास लागले, स्टेरॉइड, हिमोग्लोबिन, अवयव निकामी झालेत का, अगदी धूम्रपानसुद्धा. (निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ, तो रकाना रिकामा राहत नाही.) कागदावर हे सगळं छान दिसतं. अडचण वजनाची. त्याला उंचीच्या मानाने वजन हवं, आणि अलीकडे वजन किती घटलं तेही हवं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला काट्यावर कसं उभं करणार? नातेवाइकांना वजन विचारलं तर ते एकमेकांकडे बघतात. मी विचारते, ‘पँट ढिली झालीय काय? पट्ट्याला नवीन भोक पाडलंय?’ त्याचं उत्तर लगेच मिळतं, पण ते रकान्यात बसत नाही. शिवाय वॉटरलोच्या हिशोबात बहुतेक सगळेच धोक्यात येतात. सगळेच धोक्यात असतील तर एकुलती एक हवेची गादी द्यायची कुणाला, हे त्यातून कळत नाही.

ब्रेडन १९८७ चा, अमेरिकेतला. सहा प्रश्न: दुखलेलं कळतं का, ओलावा, हालचाल किती, स्वतः कूस बदलता येते का, खाणं, आणि घर्षण-शिअर. शिअर म्हणजे कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड खाली घसरतं. एकूण ६ ते २३, आणि १८ किंवा खाली गेलं की धोका. नर्सिंगच्या मुली हाच शिकून येतात, दोन मिनिटांत भरतात, ही त्याची मोठी जमेची बाजू.

पण आयसीयूत त्याचीही धार बोथट होते. इथला पेशंट खाटेवरच असतो, म्हणजे हालचालीला १ ठरलेलाच. गुंगीचं औषध चालू असेल तर कूस बदलण्यालाही १. व्हेंटिलेटरवरचा जवळजवळ प्रत्येक जण १२ च्या खाली जातो आणि त्यांच्यात डावं-उजवं करता येत नाही. याच्या उलटही होतं, आणि ते जास्त घातक. पन्नाशीचा एक ऊस शेतकरी, हार्ट अटॅकनंतर शुद्धीवर, बोलतोय, तोंडाला बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन), नॉरॲड (बीपी वर ठेवणारं औषध) चालू, पाठ ४५ अंशांवर टेकवलेली. ब्रेडन आला १६. बीपी औषधावर उभं आहे आणि कातडीला रक्त कमी पोचतंय, हे ब्रेडन विचारतच नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेवर फोड.

इथं कबिन-जॅक्सन उपयोगी पडतो. तो आयसीयूसाठीच बनवलेला, १९९१ मध्ये, आणि १९९९ मध्ये सुधारलेला. सुधारलेल्यात बारा गोष्टी, प्रत्येकी १ ते ४, एकूण ४८, आणि २९ किंवा कमी आले की धोका. बीपीला औषध लागतंय का, श्वास स्वतःचा की मशीनचा, ऑक्सिजन किती लागतो, हे सगळं तो विचारतो. ऑपरेशन किंवा स्कॅनला नेलं, रक्त चढवलं, अंग गार पडलं, की गुण कापतो. माझ्या शेतकऱ्याचा धोका यात पहिल्याच दिवशी दिसला असता. पण बारा रकाने नीट भरायला एका सिस्टरकडे दोनच पेशंट हवेत. चार असतील तर पहाटे चारला काय होतं ते मी पाहिलंय: कालचे आकडे आज जसेच्या तसे उतरतात.

मधला मार्ग म्हणजे कॉमहॉन. स्पेनमधून आला, इकडं फारसा कुणाला माहीत नाही. शुद्ध, हालचाल, रक्ताभिसरण, ऑक्सिजन, आहार, एवढे पाचच प्रश्न. ५ ते २०. इथं मात्र जास्त आकडा वाईट, १४ पासून पुढे धोका मोठा. नव्याने आयसीयू सुरू होत असेल, मोडायला जुनी सवयच नसेल, तर मी हाच घेईन.

यातला एकही तक्ता जे नीट विचारत नाही ते नळ्यांचं. बायपॅपचा मास्क नाकाच्या हाडावर, ट्यूबची दोरी ओठाच्या कोपऱ्यात, सॅच्युरेशनचा चिमटा एकाच बोटावर. आणि आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर पहिल्या पायरीची लाली दिसतच नाही. बोटाने दाबायचं, शेजारच्या जागेशी ताडून बघायचं: गरम लागतंय का, घट्ट लागतंय का.

आहाराचा रकाना तर नातेवाइकांशिवाय भरताच येत नाही. ‘जेवतात का?’ असं विचारलं की ‘हो, जेवतात की’ हेच उत्तर. म्हणून भाकरी किती, भात किती, असं मोजून विचारायचं. मग म्हातारी सांगते, ‘पंधरा दिवस झाले बघा, पेज तेवढी घ्यायलेत.’ तिथं मी ब्रेडनमध्ये सरळ १ टाकते.

तक्ता भरल्याने जखमा कमी होतात का? कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात, नुसत्या अनुभवी नजरेपेक्षा तक्त्यामुळे जखमा कमी झाल्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. मी तरी तक्ता सोडत नाही, कारण आमच्याकडे मुली सहा महिन्यांत बदलतात आणि नजर तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो.

तेव्हा निवड अशी. एका सिस्टरकडे तीन-चार पेशंट, स्टाफ सारखा बदलतो: ब्रेडनच ठेवा, पण बेरजेवर जाऊ नका. कुठल्या रकान्यात १ आहे ते बघा, आणि खाली तीन ओळी हाताने वाढवा: बीपीचं औषध, ऑक्सिजन, नळ्या. एका सिस्टरकडे दोनच पेशंट आणि व्हेंटिलेटर बरेच: कबिन-जॅक्सन. वॉटरलो आधीपासून चालू असेल आणि वजनाची सोय असलेली खाट असेल तर मोडू नका, नवीन मात्र सुरू करू नका. भरायचा केव्हा? पेशंट आल्यावर पहिल्या काही तासांत, मग रोज, आणि ऑपरेशन झालं किंवा बीपी पडलं की पुन्हा.

आकडा कितीही येवो, टाचेखाली पाणी भरलेले ग्लोव्हज ठेवू नका, रिंगही नको. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवा. लाल जागा तेलाने चोळायला निघालेल्या मावशींना गोडीत थांबवा. डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलं नसेल तर पाठ ३० अंशांवर ठेवा: फुप्फुसालाही चालते, माकडहाडालाही.

त्या रात्रीनंतर आमच्या रेफरल फॉर्मवर शिक्का आला आहे. त्यात आकड्याच्या आधी तक्त्याच्या नावाची जागा आहे, आणि ती रिकामी असेल तर अँब्युलन्स निघायच्या आधी मी फोन करते.