काचबिंदूचे ड्रॉप: रात्री एकदाच की सकाळ-संध्याकाळ?

मागच्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला, तिच्या सासूबाईंना काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी दोन-तीन पर्याय सांगून "घरी बोलून घ्या, खर्चाचंही बघा" म्हणून पाठवलं. तिचा पहिला प्रश्न, "अगं पण ऑपरेशन करून टाकलं की झालं ना?" तर ते मोतीबिंदूचं. मोतीबिंदूत लेन्स गढूळ होते, ती काढून नवीन बसवली की परत दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याच्या मागची नस मरत जाते, बहुतेक वेळा आतल्या प्रेशरमुळे, आणि जेवढी गेली तेवढी गेली. ड्रॉप उरलेली नजर राखायला असतात, गेलेली आणायला नाही. म्हणूनच लोक ते मध्येच सोडतात, कारण घातला तरी काही जाणवत नाही आणि सोडला तरी बरेच दिवस काही जाणवत नाही.

आमच्या घरात दोन बाटल्यांचा अनुभव आहे. आई माझ्याकडे मुलुंडला असते, ती नऊ वर्षं रात्रीचा लॅटानोप्रोस्ट घालते. लालबागचे मोठे काका टीमोलॉलवर होते, सकाळ-संध्याकाळ, आता त्यांचा तो बंद आहे, का ते येईलच पुढे. मी डॉक्टर नाही, कुठला ड्रॉप ते शेवटी डॉक्टरच ठरवणार, पण त्यांना काय सांगायचं आणि काय विचारायचं हे आपल्याला माहीत असलं तर दहा मिनिटांच्या ओपीडीत ठरवणं सोपं जातं.

आधी दोन्ही करतात काय ते बघू. डोळ्याच्या आत सतत एक पाणी (अश्रू नव्हेत) तयार होत असतं आणि त्याचा निचराही होत असतो. चाळीतला नळ आणि मोरी डोळ्यासमोर आणा. टीमोलॉल नळ बारीक करतो. लॅटानोप्रोस्ट आणि त्याची भावंडं ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट ही निचऱ्याची बाजू मोकळी करतात. प्रेशर उतरवण्यात लॅटानोप्रोस्टवाली मंडळी पुढे, साधारण २५ ते ३३ टक्के, टीमोलॉल २० ते २५. अजून एक फरक आहे, रात्री झोपेत नळ आपोआपच बारीक झालेला असतो त्यामुळे टीमोलॉलला तेव्हा फारसं करायला काही उरत नाही, लॅटानोप्रोस्ट मात्र रात्रंदिवस चालू राहतो. एवढं वाचून वाटेल की मग ठरवायचं काय त्यात, रात्रीचाच घ्यायचा. बऱ्याच जणांना डॉक्टर पहिला तोच देतात, हे खरंय. पण टीमोलॉल अगदी १९७८ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, आणि ज्यांना चालतो त्यांचं त्याच्यावर वर्षानुवर्षं छान चालतं.

चालतो कोणाला हाच मुद्दा आहे. काकांना जुना दमा. डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "बाकी काही आजार?" तर काका म्हणाले, नाही. नंतर आम्ही विचारलं तर म्हणे, "डोळ्याच्या डॉक्टरला छातीचं कशाला सांगायचं?" ड्रॉप सुरू झाला आणि दोनेक आठवड्यांत पंप दिवसातून दोनदाचा पाचदा व्हायला लागला, जिना चढताना मध्ये थांबायचे, आम्ही सगळे हवेला आणि बांधकामाच्या धुळीला दोष देत बसलो. शेवटी छातीच्या डॉक्टरांनीच विचारलं, डोळ्यात काही घालता का? टीमोलॉल हे बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे हृदयाचे ठोके हळू करणाऱ्या औषधांपैकी, ते श्वासनळ्याही आवळू शकतं. दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा दम लागणारा जुनाट आजार) असेल, नाडी मुळातच हळू असेल, 'हार्ट ब्लॉक' म्हणजे ठोक्यांच्या संदेशात अडथळा (नसांतलं ब्लॉकेज नव्हे) सांगितला असेल तर हा ड्रॉप नकोच. डायबिटीसवाल्यांनीही सांगून ठेवावं, कारण शुगर अचानक उतरली की छातीत जी धडधड होते ती खूण याने दबू शकते. आणि ब्लड प्रेशर किंवा हृदयासाठी आधीच बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर तेही.

एवढासा थेंब छातीपर्यंत जातो कसा? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाशेजारी, एक बारीक भोक असतं, रडलं की नाक गळतं ते त्यामुळेच. थेंब तिथून नाकात उतरतो आणि रक्तात मिसळतो. पोटात घेतलेली गोळी आधी लिव्हरमधून जाते, तिचा जोर तिथे कमी होतो, नाकाच्या वाटेने गेलेल्या औषधाला लिव्हर लागतच नाही.

लॅटानोप्रोस्टचा त्रास असा आतला नसतो, बाहेर दिसणारा असतो. सुरुवातीला डोळे लाल होतात, पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात (आईला शेजारच्या काकूंनी चक्क विचारलं होतं, काय लावता म्हणून), पापणीभोवतीची कातडी काळवंडते, काहींचे डोळे जरा खोल गेल्यासारखे दिसतात. आपल्याकडच्या काळ्या-गडद तपकिरी डोळ्यांत बुबुळाचा रंग बदललेला कळतही नाही, पण घारे डोळे असतील तर ते गडद होऊ शकतात, आणि तो रंग परत जात नाही. एकाच डोळ्यात घालायचा असेल तर दोन डोळे वेगळे दिसू शकतात, तरुण माणसाला हे आधी सांगायलाच हवं. डोळ्याला आतून सूज येऊन गेली असेल तरीही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता मुंबईपुरता एक प्रश्न, फ्रीज. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली साधारणपणे २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते, उघडल्यावर २५ डिग्रीपर्यंत चालते म्हणतात, पण आपल्याकडे २५ डिग्री घरात असते कधी, जानेवारीत चार सकाळी? त्यामुळे आमची बाटली उघडल्यावरही फ्रीजच्या दारात असते, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही. याचा एक फायदा आईनेच शोधला, थेंब गार असतो त्यामुळे डोळ्यात पडला की गालावर पडला, ते लगेच कळतं. टीमोलॉलला फ्रीजचं कौतुक नसतं, उन्हापासून लांब ठेवला की पुरे. गणपतीला दहा दिवस गावी जाणाऱ्यांनी हे आधीच विचारा, कारण त्याच गटातल्या काही बाटल्या फ्रीजशिवाय चालतात, खोक्यावर तापमान लिहिलेलं असतं तेच खरं मानायचं. आम्ही एकदा आईचा ड्रॉप डब्यातल्या सोलकढीच्या बाटलीशेजारी ठेवून नेलाय, चिपळूणपर्यंत गार राहिला, पण दरवर्षी असं नको.

पैशात टीमोलॉल सरळ जिंकतो. लॅटानोप्रोस्ट त्याच्या कितीतरी पट पडू शकतो आणि हे औषध आयुष्यभराचं आहे, महिन्याचा आकडा गुणिले बारा करून बघा मग ठरवा. डॉक्टरांना सरळ म्हणा की एवढं दर महिन्याला जमणार नाही, जेनेरिक लिहून द्या. लाजून महाग बाटली घ्यायची आणि मग दोन महिन्यांनी एक दिवसाआड घालून पुरवायची, यापेक्षा रोज न चुकता घातलेला स्वस्त ड्रॉप कधीही बरा, हे माझं मत. सरकारी हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या ओपीडीत केसपेपरच्या रांगेत सकाळ जाते, पण औषध तिथल्या दुकानात मिळतंय का तेही विचारून ठेवा.

वेळेचं म्हणाल तर हे माणसावर आहे. आईचं रात्रीचं जेवण, गोळ्यांचा डबा, ड्रॉप, एका दमात होऊन जातं. काकांकडे पहाटे पाणी येतं तेव्हा उठणं भागच असतं, त्यामुळे सकाळचा डोस ते कधी विसरले नाहीत, संध्याकाळचा मात्र आठवड्यातून दोनदा तरी राहायचा. सकाळची लोकल पकडणाऱ्याचं उलटंही असू शकतं. एक लक्षात घ्या, काल राहिला म्हणून आज लॅटानोप्रोस्ट दोनदा घालायचा नाही. दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घातला तर त्याचा परिणाम वाढायच्या ऐवजी कमी होऊ शकतो, विचित्र आहे पण असंच आहे.

या दोघांपलीकडचे पटकन सांगते. ब्रिमोनिडीन: तोंड कोरडं पडतं, झोप येते, काहींना काही महिन्यांनी डोळे लाल होऊन खाज सुटते, आणि दोन वर्षांखालच्या बाळांना तर द्यायचाच नाही. डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड: पहिला चुरचुरतो, दुसरा हलवून घालावा लागतो, दोन्हींनी तोंडाला कडू चव येते, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. हे सहसा एका ड्रॉपने भागत नाही तेव्हा जोडीला येतात.

आणि कॉम्बिनेशन, म्हणजे एका बाटलीत दोन औषधं. बाटल्या कमी, थेंब कमी, प्रिझर्वेटिव्ह कमी जातं, चांगलीच सोय आहे. पण कॉम्बिनेशनच्या बऱ्याच बाटल्यांत दुसरा मेंबर टीमोलॉलच असतो आणि ब्रँडच्या नावावरून ते कळत नाही. काकांचा टीमोलॉल बंद करून डॉक्टरांनी ब्रिमोनिडीन लिहिला, तो संपल्यावर एका दुकानात "हा नाहीये, हा सेम आहे" म्हणून जी बाटली दिली त्यात ब्रिमोनिडीन होताच, वर टीमोलॉलही होता. वहिनीने चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली म्हणून वाचलो. घरात दमेकरी असेल तर खोक्यावर टीमोलॉल हा शब्द शोधायची सवय लावून घ्या, आणि बदली बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

तिसरा पर्याय लेझर, एसएलटी म्हणतात, त्यात निचऱ्याच्या जागेवर लेझर मारून निचरा वाढवतात. ड्रॉप नको असलेल्यांना हा विचारण्यासारखा आहे, पण काचबिंदूचा कोन (म्हणजे डोळ्यातली ती निचऱ्याची जागा) उघडा असलेला प्रकार असेल तरच. ब्रिटनमध्ये लाइट नावाची मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये छापून आली, तिच्यात आधी लेझर केलेल्यांपैकी साधारण चारात तीन जणांचं प्रेशर तीन वर्षांनीही ड्रॉपशिवाय आटोक्यात होतं. काही मिनिटांचं काम, ॲडमिट व्हावं लागत नाही. पण परिणाम काही वर्षांनी उतरू शकतो, तपासण्या सुटत नाहीत, आणि सुरुवातीचा खर्च एकदम. ज्यांचे हात थरथरतात, घरी ड्रॉप घालायला कोणी नाही, त्यांच्यासाठी मी तरी आधी हे विचारलं असतं. कोन बंद होणारा प्रकार असेल तर तिथलं लेझर वेगळं असतं, त्याची ड्रॉपशी तुलना करत बसायचं नाही, डॉक्टर सांगतील ते लवकर करायचं. डोळा अचानक भयंकर दुखला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, उलट्या झाल्या तर रात्री दोन वाजताही हॉस्पिटल गाठा.

कुठलाही ड्रॉप ठरला तरी घालायची पद्धत एकच आणि तिथेच निम्मं औषध वाया जातं. हात धुवा, मान मागे, खालची पापणी ओढून खिसा करा, एकच थेंब. दुसरा टाकला तर तो गालावरच येणार, डोळ्यात तेवढी जागाच नसते. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. मग डोळा हळूच मिटा, मिचकावू नका, आणि नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा, ते मघाचं भोक बंद राहतं, औषध डोळ्यात राहतं आणि छातीकडे कमी जातं. टीमोलॉलवाल्यांनी हे कधीच चुकवू नये. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढून घालायचा, परत लावायला पंधरा मिनिटं. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा, बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकायच्या असतात, आत औषध उरलेलं दिसलं तरी. दोन सारख्या बाटल्या असतील तर सकाळच्या बाटलीला रबरबँड लावा, अंधुक दिसणाऱ्याला बोटांनी कळतं.

पावसाळ्यात डोळे येतात तेव्हा आपण केमिस्टकडून मनानेच ड्रॉप आणतो, त्यातल्या काहींत स्टिरॉइड असतं आणि त्याने डोळ्याचं प्रेशर चढू शकतं. काचबिंदूवाल्या घरात हे पूर्ण बंद.

मावसबहिणीच्या सासूबाईंना दमा नाही पण नाडी पन्नासच्या आसपास असते, हे कागदावर लिहून नेलं होतं, डॉक्टरांनी ते वाचलं आणि रात्रीचा ड्रॉप दिला, जेनेरिक. चार आठवड्यांनी प्रेशर बघायला बोलावलंय. सासूबाईंचा मात्र एकच प्रश्न होता आणि तो त्यांनी डॉक्टरांना न विचारता मला फोन करून विचारला, थेंब घशात उतरल्यासारखा वाटतो, तर एकादशीला चालतो ना? चालतो म्हटलं, कोपरा दाबून धरा, उतरणार पण नाही.