पुणे, एकेका फोटोने: आठ महिने स्टॉप मोशन करून आलेला अनुभव

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या त्या दिवशी पहिला फोटो काढला आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा. मधल्या आठ महिन्यांत १९,४०० फोटो झाले. त्यांतले २,२८० वापरून पुण्याचा तीन मिनिटं दहा सेकंदांचा स्टॉप मोशन (एकेक फोटो ओळीने लावून हलतं चित्र करायची पद्धत) व्हिडिओ तयार झाला. साडेआठ फोटोंमागे एक कामी आला, असा हिशेब निघतो. हे काम सुरू करावं का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

कॅमेरा नवा घेतलेला नाही. घरात काही वर्षं पडून असलेला २४ मेगापिक्सेलचा साधा डीएसएलआर आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स, एवढ्यावर सगळं केलं. विकत घेतलं ते एक टायमरवालं रिमोट, एनडी ६४चा फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड चौसष्टपटीने कमी करणारी गडद काच), दोन जादा बॅटऱ्या आणि एक हार्डडिस्क. ट्रायपॉड जुनाच. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा आहे आणि तो पुरला. का पुरला ते पुढे सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. टाइमलॅप्समध्ये कॅमेरा एका जागी ठेवून रिमोटला काम लावून दिलं की आपण मोकळे. मला हवं होतं ते वेगळं. प्रत्येक फोटोआधी थांबायचं, पुढची जागा ठरवायची, मग बटण दाबायचं. शिवाय फोटो सेकंदाला २४ न ठेवता १२ ठेवायचे, म्हणजे प्रत्येक फोटो पडद्यावर दोन फ्रेम टिकतो. हलकासा धक्का जाणवतो आणि तोच मला आवडतो. लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी २४ने पाण्यासारखी वाहते. १२ने मात्र ती माणसांची गर्दी राहते. साडीच्या दुकानातून बाहेर पडणारी बाई, हातगाडीवाला, सिग्नल तोडणारा स्कूटरवाला वेगवेगळे ओळखू येतात. दुसरा फायदा मेहनतीचा. एका मिनिटाला १,४४० ऐवजी ७२० फोटो पुरतात.

पहिला महिना मात्र जवळजवळ वाया गेला. पालखीच्या दिवशी नाना पेठेत सहाशे फोटो काढले आणि त्यांतला एकही वापरता आला नाही. कॅमेरा ऑटोवर होता. ढग सरकले की एक्सपोजर (फोटोतला उजेड) बदलायचं, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) आपल्या मनाने हलायचा. एकेक फोटो सुटा पाहिला तर सुंदर, पण ओळीने लावल्यावर पताका एका फोटोत भगवी तर पुढच्यात पिवळट, आणि सगळं चित्र बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं लुकलुकतंय. घरी येऊन ते पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. वारी वर्षातून एकदाच येते.

त्यानंतर सगळं मॅन्युअल केलं. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १००, व्हाइट बॅलन्स ठरवून दिलेला, फोकस एकदा लावून मॅन्युअलवर. तरीही थोडी लुकलुक उरलीच. तिचं कारण शोधायला तीन आठवडे गेले. एफ-८ ठेवलं, म्हणजे लेन्सचं भोक लहान केलं, की लेन्सची पाती प्रत्येक फोटोच्या वेळी मिटतात आणि नंतर उघडतात, पण दर वेळी अगदी त्याच जागी मिटत नाहीत. केसभर फरक पडतो. सुट्या फोटोत तो कधीच दिसत नाही, ओळीत लगेच दिसतो. उपाय सोपा निघाला. लेन्स पूर्ण उघडी ठेवायची, म्हणजे पात्यांना हलावंच लागत नाही. माझ्या लेन्सला १८ मिलिमीटरवर ते एफ-३.५ येतं. मग उजेड फार होतो, आणि तिथे एनडी ६४ कामाला येतो. पावसाळी ढगाळ दिवशी जिथे शटर सेकंदाच्या १/३२० भागापुरतं उघडावं लागतं तिथे हा फिल्टर लावला की शटर १/५ वर येतं. कोपरे थोडे मऊ येतात, पण ६,००० पिक्सेल रुंदीचा फोटो १,९२० वर उतरवल्यावर ते कळत नाही.

१/५चा आणखी एक लाभ झाला. चालणारी माणसं किंचित पुसट येतात आणि इमारती खड्या राहतात. धारदार माणसांचा स्टॉप मोशन डोळ्यांना टोचतो, हे मला पाहूनच कळलं.

संध्याकाळच्या बाजारात लुकलुकीचं तिसरं कारण भेटलं. मंडईत आत, भाजीच्या गाळ्यांवरच्या दिव्यांखाली, १/३२०ने काढलेल्या फोटोंत कुठे काळसर पट्टा तर कुठे पिवळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१००, १/५० किंवा १/२५ ठेवलं की प्रत्येक फोटोत या चढ-उतारांचे पूर्ण फेरे येतात आणि पट्टे जातात. मी तिथे १/५० वर राहिले.

आता ज्या शॉटसाठी हा खटाटोप केला त्याबद्दल. १८८६ सालची मंडईची अष्टकोनी इमारत आणि तिचा मनोरा, त्याकडे आपण चालत जातोय असं दिसायला हवं होतं. कॅमेरा हातात धरून पहिला प्रयत्न केला तो बोटीत बसल्यासारखा आला. दुसऱ्यांदा ट्रायपॉड नेला, पण दोन फोटोंमधलं अंतर कधी हातभर, कधी वीतभर. अखेर युक्ती मिळाली ती एका गवंड्याकडून. आमच्या इमारतीत प्लास्टरचं काम चालू होतं, त्याच्याकडे ओळंबा पाहिला आणि तसाच एक आणून ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला बांधला. ओळंब्याचं टोक पेव्हर ब्लॉकच्या सांध्यावर आणायचं, व्ह्यूफाइंडरमध्ये मनोऱ्याचा कळस मधल्या बिंदूवर बसवायचा, बटण दाबायचं, दोन ब्लॉक पुढे सरकायचं. पुन्हा ओळंबा, पुन्हा कळस. १४४ फोटोंना एक तास पन्नास मिनिटं लागली आणि पडद्यावर बारा सेकंद मिळाले.

तरी एक चूक उरली होतीच. पावलं सारखी ठेवली तर मनोरा सुरुवातीला संथपणे मोठा होतो आणि शेवटी अंगावर धावून येतो, कारण जितकं जवळ जावं तितका एका पावलाने पडणारा फरक वाढतो. म्हणून पुढच्या रविवारी पहाटे पुन्हा गेले आणि शेवटचा तिसरा हिस्सा दोनऐवजी एकेका ब्लॉकने काढला. तो शॉट व्हिडिओत आहे. पाहणाऱ्यांना त्यात विशेष काही वाटत नाही, नुसतं मंडईकडे चालत गेल्यासारखं वाटतं. मला तेच हवं होतं.

सॉफ्टवेअरमधल्या स्टॅबिलायझरवर विसंबून राहू नका, असं मी कळकळीने सांगेन. कळस दर फोटोत जागेवर असेल तर उरलेली थरथर तो छान काढतो. पण कॅमेऱ्याची जागाच डावी-उजवीकडे गेली असेल तर जवळचा खांब आणि लांबची इमारत एकमेकांच्या मागे-पुढे सरकतात, आणि मग कोणत्याही स्टॅबिलायझरने चित्र जेलीसारखं हलायला लागतं. रस्त्यावर वाचवलेली दहा मिनिटं घरी दहा तास खातात आणि तरी शॉट हाती लागत नाही.

फोनवरही हे करता येतं, आणि नव्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी. स्टॉप मोशनच्या ॲपमध्ये मागच्या फोटोची पुसट सावली पडद्यावर दिसते, तिच्यावर पुढचा फोटो बेतायचा. माझ्या भाच्याने एका दुपारी जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावर झाडाच्या सावल्यांचा वीस सेकंदांचा सुरेख तुकडा केला. फोनवर एक्सपोजर आणि फोकस कुलूपबंद करता आले पाहिजेत, एवढीच अट.

फोटो जोडून व्हिडिओ करण्यासाठी डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वापरते. क्रमाने नाव दिलेले फोटो एका फोल्डरात असले की ते सगळे मिळून एकच क्लिप म्हणून येतात. प्रकल्प सुरू करतानाच टाइमलाइन २४वर ठेवा, क्लिपच्या गुणधर्मांत १२ लिहा आणि रीटाइम ‘निअरेस्ट’वर ठेवा, म्हणजे तोच फोटो दोनदा दिसतो. ‘ऑप्टिकल फ्लो’ निवडलंत तर ते दोन फोटोंच्या मधलं चित्र स्वतः तयार करतं आणि माणसांना भुतासारखे जादा हात फुटतात. लुकलुक काढायचं डीफ्लिकर मोफत आवृत्तीत नाही, पण एफएफएमपेग या मुक्त साधनात त्याच नावाचा फिल्टर आहे आणि किरकोळ लुकलुकीला तो पुरतो. माझ्या लॅपटॉपला २४ मेगापिक्सेलच्या ओळी झेपत नव्हत्या. म्हणून सगळे फोटो आधी १,९२० रुंदीला उतरवून त्यांवर काट-छाट करते आणि जिथे चित्रात सरकायचं किंवा जवळ जायचं असेल तेवढ्याच शॉटला मूळ फोटो लावते. रुंदी तिपटीहून अधिक असल्याने तिथे मोकळीक भरपूर मिळते.

फोटोंच्या नावांकडे लक्ष द्या. कॅमेऱ्याचा क्रमांक ९९९९ झाला की पुन्हा ०००१पासून मोजणी सुरू होते. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी मैत्रिणीच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या गॅलरीतून सात तास काढलेल्या फोटोंच्या मध्यावर नेमकं हे घडलं, आणि रात्रीचे रोषणाईचे फोटो दुपारच्या ढोलपथकांच्या आधी जाऊन बसले. दोन दिवस मला कळेना. आता कार्ड उतरवलं की सगळ्यात आधी फोटो काढल्याच्या वेळेवरून नवी नावं देते, मगच पुढे.

त्याच मिरवणुकीचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला होता. मिनिटाला १२० ठोके पडत असतील तर एका ठोक्याला बरोबर सहा फोटो येतात. ढोल-ताशाच्या तुकड्याची कापाकापी मी या हिशेबाने केली आणि ती घट्ट बसली.

सगळ्यात कमी फोटोंत सगळ्यात जास्त मिळालं ते मुठा नदीवर. झेड पुलावरून भिडे पूल दिसतो. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तो सखल पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकरांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी सव्वासातला झेड पुलाच्या कठड्यावर एकाच जागी कॅमेरा टेकवून एक फोटो, असे ६० दिवस केले. पडद्यावर पाच सेकंद. पाणी चढतं, पूल नाहीसा होतो, पुन्हा वर येतो, कठड्यांना अडकलेली जलपर्णी आणि चिंध्या दिसतात, पुन्हा बुडतो. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करण्याआधी वाटाण्याचं रोप वाढताना असंच थोडं थोडं टिपलं होतं आणि तो तुकडा दाखवून भांडवलासाठी माणसं पटवली होती. रोज सकाळी पुलावर उभी राहिले की मला त्यांची आठवण यायची. कठड्यावर खडूने केलेली खूण पावसात धुऊन जायची, म्हणून नंतर एका बोल्टची जागा पक्की धरली.

शनिवारवाड्याबद्दल एक उपयोगी गोष्ट. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे हिवाळ्यात त्याच्यावर थेट ऊन येत नाही आणि उजेड तासन्‌तास जवळजवळ एकसारखा राहतो. स्टॉप मोशनला याहून चांगलं काय हवं! पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, म्हणून मी समोरच्या पटांगणातूनच काम केलं.

रस्त्यावर माणसं विचारतातच. मंडईतल्या फुलवाल्या मावशी म्हणाल्या, “ताई, सकाळपासून बघतीय, फोटो काढताय का मोजमाप घेताय?” त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर तीसेक फोटो भरभर फिरवून दाखवले. त्यानंतर त्यांनीच शेजारच्या गाळेवाल्याला पाटी हलवायला लावली. व्हिडिओत एखादा चेहरा क्षणभर दिसत असला, तरी मूळ फोटोत तो पूर्ण, स्वच्छ असतो. म्हणून जवळच्या माणसाला विचारल्याशिवाय मी बटण दाबत नाही आणि कुणी नको म्हटलं तर फोटो तिथेच पुसते. गर्दीच्या वेळी पदपथ अडवायचा नाही, हाही माझा नियम. पहाटे सहा ते आठ ही वेळ उत्तम.

खर्चापेक्षा झीज लक्षात घ्या. अशा साध्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख फोटोंपर्यंत टिकेल असं धरलं जातं, आणि मी आठ महिन्यांत त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा वापरला. ज्यांच्याकडे जुना कॅमेरा पडून आहे त्यांनी जरूर करावं. लग्नकार्याचं काम ज्या कॅमेऱ्यावर चालतं तो मात्र यात घालू नये. फोटो मी जेपेगमध्ये काढते, प्रत्येकी सुमारे नऊ एमबी, म्हणून सगळं पावणेदोनशे जीबीत बसलं. फक्त रात्रीच्या रोषणाईसाठी रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) वापरलं आणि डार्कटेबल या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोवर केलेले बदल सगळ्या ओळीला लावले.

व्हिडिओत पालखी नाही. ती जागा मी मोकळी ठेवली आहे, विसर्जनाच्या आधी आठ सेकंद. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला आतल्या बाजूने एक चिठ्ठी चिकटवली आहे: एफ-३.५, आयएसओ १००, एनडी ६४, शटर १/५, व्हाइट बॅलन्स ढगाळ, फोकस मॅन्युअल. नाना पेठेतल्या निवडुंगा विठोबाच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकूंनी जूनमध्ये खिडकी द्यायचं कबूल केलंय.