मद्यपाशींची मीटिंग : दहा महिन्यांनंतरचे मत

गेले दहा महिने मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारूच्या व्यसनात अडकलेल्या (मद्यपाशी) माणसांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या एएच्या, मीटिंगांना जात आहे. दारू सोडू पाहणाऱ्या कोणालाही मी या गटाची शिफारस मनापासून करीन. मात्र पहिल्या एका मीटिंगवरून तिच्याविषयी मत बनवू नये, निदान पाच-सहा मीटिंगा, त्याही शक्यतो दोन वेगवेगळ्या गटांत बसून पाहाव्यात, हे आधीच सांगून ठेवतो.

गट शोधणे वाटले होते त्याहून अवघड गेले. इंटरनेटवरच्या एका यादीतून पत्ता आणि वेळ उतरवून घेतली, दोन दिवस मनाची तयारी केली आणि ठरल्या संध्याकाळी जाऊन पाहतो तो दाराला कुलूप. गट केव्हाच दुसरीकडे हलला होता, यादी मात्र जुनीच राहिली होती. ज्याला परत फिरायला निमित्तच हवे असते त्याला असे कुलूप आयते कारण पुरवते, आणि मी त्या रात्री प्यायलो. म्हणून आग्रहाने सांगतो, की निघण्यापूर्वी एएच्या हेल्पलाइनवर फोन करून मीटिंग आज नक्की भरणार आहे का आणि ती ओपन आहे की क्लोज्ड, हे विचारून घ्यावे. ओपन मीटिंगला घरची माणसेही बसू शकतात. क्लोज्ड मीटिंग ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठीच असते. मी फोन केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी आडनाव विचारले नाही. ‘शेवटची कधी घेतलीत, आणि रोज किती घेता?’ एवढेच विचारले.

या प्रश्नाचे महत्त्व मला नंतर कळले. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर काही तासांतच थरथर, घाम आणि अस्वस्थता सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना तीव्र भ्रम होऊन जिवावर बेतते. त्या गृहस्थांनी मला आधी डॉक्टरांकडे पाठवले, मीटिंगला नंतर बोलावले. गट हा उपचारांना पर्याय नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा माणूस पहिल्याच फोनवर भेटला हे माझे भाग्यच.

मीटिंगमध्ये नावनोंदणी नसते, शुल्क नसते. पिशवी फिरते तिच्यात सभासद स्वखुशीने काही टाकतात आणि बाहेरची देणगी गट घेत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. पहिल्या दिवशी बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून बाहेर पडण्याचा एएचा बारा टप्प्यांचा कार्यक्रम, छापलेले कार्ड वाचनासाठी माझ्या शेजारच्या वयस्कर गृहस्थांकडे आले, तेव्हा त्यांचा हात इतका कापत होता, की अक्षरे लागेनात. त्यांनी कार्ड मांडीवर सपाट ठेवले, डाव्या तळव्याने दाबून धरले आणि सगळ्या पायऱ्या सावकाश वाचल्या. कोणीही ते त्यांच्या हातातून काढून घेतले नाही, घाई केली नाही.

माझ्या मते या मीटिंगचे खरे बळ याच संयमात आहे. मी जातो त्या गटात एखाद्याचे शेअरिंग झाले, की त्याला कोणी उपदेश करत नाही. पुढचा माणूस स्वतःची हकीकत सांगतो आणि ऐकणाऱ्याला त्यात आपलेच लपवलेले प्रसंग सापडतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपाशींच्या बोलण्यातून ही चळवळ उभी राहिली, आणि एका मद्यपाशीने दुसऱ्याशी बोलणे हेच आजही तिचे मुख्य साधन आहे. हा निव्वळ भावनेचा भाग नाही : २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था) २७ अभ्यास तपासले गेले, आणि रुग्णाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार सलग न पिता राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरल्याचे दिसले.

उणिवाही आहेत. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो. ‘आपल्याला उमगेल तसा ईश्वर’ अशी मोकळीक असली तरी नास्तिक माणसाला सुरुवातीला अवघडल्यासारखे होते. मलाही झाले. शिवाय प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो. मी गेलो त्या एका गटात एका जुन्या सभासदाने मला डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगितले. सभासदांनी वैद्यकीय सल्ला देऊ नये, ही एएची स्वतःचीच भूमिका आहे. असे कोणी सांगू लागले तर औषधे चालू ठेवावीत आणि गट बदलावा.

माझी पत्नी अल-अ‍ॅनॉनला जाते. मद्यपाशींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून चालणारा हा वेगळा गट आहे. बाटल्या शोधत घर पालथे घालणे तिने तिथे जाऊ लागल्यावर थांबवले, आणि आमच्या घरातला आवाज तेव्हापासून खाली आला.

चौथ्या महिन्यात मी पुन्हा प्यायलो. तीन मीटिंगा चुकवल्या, स्पॉन्सरचे, म्हणजे मला सोबत करणाऱ्या जुन्या सभासदाचे, फोन उचलले नाहीत, आणि शेवटी गेलो तेव्हा कारणांची मोठी यादी मनात तयार ठेवली होती. ती कोणी विचारली नाही. स्पॉन्सरने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून खाली ठेवली, आणि मी तिथे बसलो.