रोडगे फक्कड, तूप कमी, अन् एक फलक सोडू नये असा

आमच्या सेलू तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या पोरापोरींनी बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात होलोकॉस्ट, म्हणजे हिटलरच्या नाझी राजवटीनं केलेला ज्यूंचा संहार, आणि सहिष्णुता यांचं संग्रहालय काढायचं मनावर घेतलंय. त्याच्या वर्गणीसाठी २७ जानेवारीला रोडग्यांचं जेवण होतं, कुपन २०० रुपये. १९४५ साली याच तारखेला नाझींची आउशवित्झची छळछावणी मुक्त झाली, म्हणून हा दिवस.

रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात मुरलेले, आतून कुठंही कच्चे नाहीत. वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री. तूप मात्र हात आखडून. आमच्या घरच्यांनी दुसऱ्यांदा मागितलं तर वाढणारं पोट्टं म्हणे, "काकू, तूप वाचलं तं गोदामावर टिना येतीन." बरं बापा.

पंगतीत माझ्या शेजारचे एक काकाजी मोठ्यानं बोलले, "आपल्या देशाले एक हिटलरच पायजे." असं बोलणारे गावोगावी भेटतात, कोणी मनावर घेत नाही. पण पाणी वाढणारी कॉलेजची पोरगी थांबली. "काकाजी, त्यानं साठ लाख ज्यू मारले. आपला वर्धा जिल्हा तेरा लाखांचा. असे चार जिल्हे रिकामे करा, तरी पुरत नाही. लहान लेकरंबी सोडले नाही." काकाजींनी भाजी मागितली, पण जेवण झाल्यावर मंडपातले फलक पाहायला आले.

फलकांत सगळ्यात जोरदार आहे तो शेगावचा. गजानन महाराजांचं नव्हे, वर्धेजवळचं. पुढं ज्याचं सेवाग्राम झालं ते. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली. त्याच महिन्यात गांधीजींनी शेगावात बसून 'हरिजन'साठी लेख लिहिला: ज्यूंनी अहिंसेनं प्रतिकार करावा. मार्टिन बूबर या ज्यू विचारवंतानं १९३९ मध्ये जेरुसलेमहून उत्तर पाठवलं, की जिथं पाहणारं कोणी नाही तिथलं बलिदान वाया जातं. गांधीजींनी हिटलरला 'प्रिय मित्र' म्हणून लिहिलेलं २३ जुलै १९३९ चं पत्रही तिथं आहे. ते इंग्रज सरकारनं पुढं जाऊ दिलं नाही. पोरांनी दोन्ही बाजू शेजारी-शेजारी लावल्या, बापूंना सांभाळून घेतलं नाही. वर्धेत हे करायला हिंमत लागते. माझं मत विचाराल तर इथं बूबरचं बरोबर होतं.

सहिष्णुतेचा कोपरा मात्र अगदीच फिका. कबुतरं, जोडलेले हात, अन् शाळेच्या भिंतीवर असतात तसली सुवचनं. अरे, १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्धेचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं केलं. ते आपल्या जिल्ह्यातलं, त्याचा फोटोसुद्धा नाही? जर्मनीचं बिनधास्त मांडायचं अन् आपल्या विहिरी-पाणवठ्यांवर काय चालत होतं त्यावर कबूतर बसवायचं, हे काही जमलं नाही. तिथल्या पोराला सांगितलं. त्यानं वहीत टिपून घेतलं.

हिशेबाचं म्हणाल तर किती कुपनं खपली ते फळ्यावर लिहिलं होतं, रोख देणाऱ्याला पावतीही मिळत होती. पण पैसे भरायचा स्कॅनर एका पोराच्या स्वतःच्या खात्याचा. नियत चांगली असली तरी उद्या चार तोंडं बोलतील. मी जेवणावेगळे हजार रोख देऊन पावती घेतली. वाचनालयाच्या नावानं खातं निघालं की पुढचे देतो, असं सांगून आलो.